चौदाव्या थराचा सांधा

शर्ट खिळ्याला अडकला, एवढंच झालं. सकाळी साडेआठला दाराआडच्या खिळ्यावरून इस्त्रीचा शर्ट काढताना त्याच्या मानेची पट्टी खिळ्याच्या डोक्यात अडकली, मी नेहमीसारखा वैतागून हिसका दिला, शर्ट निघाला आणि अंगठ्याला खिळ्याचं ते चपटं गोल डोकं लागलं. त्याबरोबर दुसरा एक हिसका आठवला. म्हणजे आधी हाताला आठवला, मला मागाहून कळलं. दोरीचा फास असाच एका खिळ्याच्या डोक्यात अडकला होता आणि मी तो असाच ओढून काढला होता. एक बाही घातलेली, दुसरी लोंबकळत, तसाच मी पलंगावर बसलो. फास अडकायला नकोच होता. त्या दिवशी मी ज्या खिळ्यावर काम करत होतो असं चौदा महिने समजत आलो, त्या खिळ्याला डोकंच नव्हतं. मी स्वतः कानस घेऊन ते उडवलं होतं.

माझा धंदा लोकांना सांगून कळत नाही. घुमट बांधणारे लोकांना माहीत असतात, दगड घडणारे माहीत असतात, पण मधे एक माणूस असतो जो त्या घुमटाची फोड करतो, कुठे किती दगड, प्रत्येक दगडाच्या सहाही अंगांचा आकार काय, हे ठरवतो, त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. आमची ही नातेवाइकांना सांगायची, ‘हे दगडांचे शिंपी आहेत, कापून देतात, शिवतात दुसरेच.’ मला राग यायचा, पण याहून नेमकं मलाही सांगता आलेलं नाही. आमच्या शेडमध्ये गुळगुळीत पांढऱ्या गिलाव्याची जमीन आहे, तिच्यावर घुमटाचा अर्धा छेद पूर्ण मापात काढायचा, लहान करून नाही, जेवढा आहे तेवढा. गुडघे टेकून, रांगत. वळण जिथून मारलं त्या जागी खिळा ठोकायचा, खिळ्याला दोरी. मग थरांची फोड. एका थराचा दगड जिथे संपतो आणि वरच्या थराचा जिथे सुरू होतो तो सांधा खिळ्यापासून दोरी ताणूनच आखायचा, कारण आमच्यात म्हणतात, सांध्याने खिळ्याकडे बघायचं. सगळे सांधे खिळ्याकडे बघत असले की दगड एकमेकांना अंगभर टेकतात, वरचा भार खालच्याच्या पूर्ण पाठीवर जातो. एखादा सांधा भलतीकडे बघायला लागला की भार पाठीवरून सरकून कडेवर येतो. दगडाची पाठ हत्ती उचलेल, कड मात्र बिस्किटासारखी तुटते. हे सगळं मी गेली तीस वर्षं हाताखालच्या पोरापोरींना नाकाने कांदे सोलत सांगत आलो आहे.

या घुमटाला खिळे दोन. वाचनालयाचं मोठं दालन, वरती दगडी घुमट, बावीस थर आणि माथ्यावर शेवटचा एक दगड. खालचे अकरा थर एका वळणाचे, वरचे अकरा जरा चढत्या वळणाचे, म्हणून खालच्यांचा खिळा वेगळा, वरच्यांचा वेगळा, दोघांत दोन हातांचं अंतर. गोंधळ नको म्हणून वरच्यांच्या खिळ्याचं डोकं मी उडवलं. फास त्यावर नुसता टाकायचा, नुसता उचलायचा. किती हुशार माणूस. त्या बुधवारी सकाळी नवव्या थराचा फर्मा, म्हणजे जस्ताच्या पत्र्याचा कापलेला नमुना, पाथरवटाच्या पायाखाली येऊन वाकला, म्हणून तो परत आखून द्यावा लागला. नववा थर खालचा. फास डोक्याच्या खिळ्यावर टाकला, नववा आखला, पत्रा कापून दिला. मग चौदाव्याला बसलो. चौदा वरचा. फास उचलून शेजारच्या खिळ्यावर टाकायचा होता. तो मी टाकला असं मला आज सकाळपर्यंत वाटत होतं, वाटत होतं म्हणजे मी त्याचा विचारच कधी केला नव्हता, त्या दुपारचा विचार करताना माझं मन सरळ फोनवर जायचं आणि तिथेच बसून राहायचं. चौदाव्याचा वरचा सांधा आखला. फोन वाजत होता. रेघ पुरी केली. फोन वाजतच होता. उठताना दोरी गुंडाळायची म्हणून फास उचलायला गेलो तर तो डोक्यात अडकला, मी हिसका दिला, दोरी हातात आली, फोन उचलला, त्यावर ठमीचं नाव बघितलं, आणि तो हत्यारांच्या पेटीत चिंध्यांच्या खाली ठेवून झाकण लावलं. इथवर मी रोज आठवतो. दिवसातून चार वेळा आठवतो. पण त्यातला हिसका मी आजवर बघितलाच नव्हता.

ठमी म्हणजे माझी मुलगी. लहानपणी गुबगुबीत आणि हट्टी होती म्हणून ठमी. आता एकोणतीस वर्षांची, काटकुळी, हट्ट तेवढा शिल्लक. घुमट तिचा. कागदावर तिचं नाव, फोड तिची, माझ्याकडे मी आपण होऊन मागून घेतलेलं तीन आठवड्यांचं उसनं काम. तिची आई दवाखान्यात होती. घरात दोन माणसं, एकाने आईजवळ बसायचं आणि एकाने जमिनीवर रांगायचं. जगात कुणीही सांगेल की नवऱ्याने बायकोजवळ बसावं आणि पोरीने आपलं काम करावं. मी म्हटलं, ‘तू थांब आईपाशी, काम मी बघतो, तुझं काम अडायला नको.’ किती समजूतदार बाप. ठमीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खरं कारण असं की मला ती खोली सहन होत नव्हती. ठमीच्या आईचा श्वास. तो आत जायचा आणि बाहेर यायला वेळ लावायचा, आणि त्या मधल्या वेळात मी खुर्चीचा हात धरून बसायचो. मला लाज वाटते हे लिहायची, पण त्या श्वासापुढे मला उभं राहता येत नव्हतं, आणि जमिनीवर गुडघे टेकून रेघ मारताना मात्र हात कापत नव्हता. निदान मला तसं वाटत होतं.

साडेदहाला सेंट्रिंग उतरणार होतं. घुमट बांधताना दगड लाकडी सांगाड्यावर बसवतात, शेवटचा दगड बसून चुना मुरला की खालच्या खांबांच्या पाचरी थोड्या थोड्या सैल करत सांगाडा खाली घेतात, आणि मग घुमट पहिल्यांदा स्वतःच्या जिवावर उभा राहतो. किंवा राहत नाही. आमच्या मोठ्या मिस्त्रींनी, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, एक रीत घालून दिलेली आहे. ज्याने फोड केली त्याने त्या वेळी घुमटाखाली, मधोमध उभं राहायचं. डोकं वर करून. मिस्त्री एका पायाने लंगडायचे आणि कशाने ते कधी सांगायचे नाहीत. मी स्वतः सहा वेळा उभा राहिलोय. दगड आधी कुरकुरतात, प्रत्येक जण आपापली जागा घेतो, एक बारीक करकर वरून खाली उतरते आणि थांबते. ती थांबेपर्यंत आपण कुणाचेच नसतो. आज ठमी पहिल्यांदा उभी राहणार होती, गेला आठवडाभर तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता, आणि मी इस्त्रीचा शर्ट काढत होतो तो त्याचसाठी.

कदाचित काही होणार नाही. हे मी शर्टाच्या गुंड्या लावताना स्वतःला सांगितलं. दोन हातांच्या चुकीने सांधा किती तिरका होईल, सात-आठ अंश, तेवढ्याने दगड लगेच सरकत नाही, चुना धरतो, घुमट समजूतदार असतो, चारी बाजूंनी आवळून बसलेला असतो. आणि कदाचित चौदाव्याच्या बत्तीस दगडांतल्या एकाची कड तुटेल, मग शेजारच्याची, मग थर सैल होईल आणि वरचे आठ थर तिच्या वर केलेल्या तोंडावर येतील. दोन्ही कदाचित सारखेच. मी गुंड्या एकेक घर चुकवून लावल्या, परत काढल्या, परत लावल्या. पाथरवटाला कसं कळलं नाही? त्याला फर्मा मिळतो, घुमट मिळत नाही. कड जरा निमुळती दिसली तर तो म्हणणार, असेल काकांच्या मनात काहीतरी. मनात काही नव्हतं माझ्या. मनात फक्त तो फोन बंद कधी होतो एवढंच होतं.

मी ठमीला फोन लावला. घंटी वाजत राहिली. परत लावला. ती कामावर फोन खिशात ठेवत नाही, ही शिस्त मीच लावलेली, फोन वाजला की रेघ हलते म्हणून. बस पकडली. पुलापाशी बस थांबली ती थांबलीच. पुढे काहीतरी बंद पडलं होतं, चालकाने इंजिन बंद केलं, लोक खिडकीतून मान काढून बघायला लागले. मला हसूच आलं. शेजारच्या बाईने माझ्याकडे बघितलं आणि पिशवी मांडीवर घेतली. गेले चौदा महिने मी सगळ्या जगाला सांगत आलोय की त्या दिवशी मी रस्त्यात अडकलो होतो. शेडमध्ये नव्हतो, खाणीवर दगड बघायला गेलो होतो, परत येताना पुलावर ट्रक आडवा झाला होता, फोन लागत नव्हता, दवाखान्यात पोचलो तोवर सगळं संपलं होतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा नुसती गर्दी होती. दिवसकार्याला आलेल्या साडूंनी विचारलं, कसली गर्दी, तेव्हा ट्रक आला. मग कुणीतरी विचारलं, कसला ट्रक, तर मी म्हटलं निळा. विटांचा. चालकाला काही लागलं नाही हेही मी सांगितलंय, एका मावशीला काळजी वाटली म्हणून. आणि ठमी आल्यागेल्याला सांगायची, ‘बाबा रस्त्यात अडकले हो, नाहीतर...’ मग लोक माझ्या पाठीवरून हात फिरवायचे. मी तो फिरवून घेतला. एकदाही अंग चोरलं नाही.

बसमधून मुकादमाला फोन लावला, त्याने उचलला. मागे हातोड्यांचे आवाज, लोकांची बोलणी. म्हटलं, ‘थांबवा. मी येतोय, तोवर काही करू नका.’ तो म्हणाला, ‘काका, तुमच्याशिवाय कसं करू? पण साडेदहाच्या पुढे पंधरा मिनिटंच हं, पाहुणे खुर्च्यांवर येऊन बसलेत. ताई आतमध्ये शेवटचं सगळं बघतायत. कुठे आहात?’ मी म्हटलं, ‘रस्त्यात अडकलोय.’ हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मला बसमध्ये बसवेना. पुलाच्या अलीकडेच उतरलो आणि चालायला लागलो, म्हणजे पळायला लागलो असं म्हणायचं होतं, पण या वयात पळणं बघणाऱ्यालाच पळणं वाटत नाही.

पूल ओलांडताना मी हिशोब मांडत होतो, कारण माझं डोकं दुसरं काही करू शकत नाही. काय सांगायचं? चूक झाली, माझ्याकडून झाली, फास चुकीच्या खिळ्यावर होता. एवढं पुरे. दिवस सांगायची गरज नाही. आमच्याकडे प्रत्येक फर्म्यावर थराचा आकडा आणि आखल्याची तारीख कोरायची शिस्त आहे, आणि चौदाच्या फर्म्यावर मी मंगळवारची तारीख कोरली होती. बुधवारी संध्याकाळी, ठमीची आई गेल्यावर, दवाखान्यातून येऊन शेडमध्ये एकटा गेलो, पत्रा कापला आणि त्याच्यावर आदल्या दिवसाची तारीख कोरली. दुःखात माणूस काय काय करतो असं आपण म्हणतो, पण ते दुःख नव्हतं, ती चलाखी होती. कुणी विचारलंच तर कागदोपत्री मी बुधवारी दुपारी शेडमध्ये नव्हतो. तेव्हा मंगळवारीच चुकलो म्हणायचं. घुमट वाचेल, ठमी वाचेल, आणि बाकीचं जसं आहे तसं राहील. मला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच स्वतःची किळस आली, पण हलकं वाटणं काही गेलं नाही. दोन्ही घेऊन चालत राहिलो. आमची ही म्हणायची, ‘तुम्हाला माणसांपेक्षा दगड जास्त कळतात, आणि दगडही पुरते कळत नाहीत.’ हसत म्हणायची. शेवटच्या आठवड्यात तिने मला एकदाही विचारलं नाही की तुम्ही का थांबत नाही. डबा घेऊन गेलो की ती म्हणायची, ‘ठेवा आणि जा, काम असेल.’ मला सुटका करून देत होती आणि मी ती घेत होतो. बुधवारी मात्र तिने बोलावलं होतं. ते मला नंतर कळलं. ठमी फोनवर फोन करत होती तो स्वतःसाठी नव्हता.

बाहेर मांडवात चाळीसेक माणसं खुर्च्यांवर बसली होती. कुणीतरी ‘या, या’ म्हणालं. मी सरळ आत गेलो. आत थंड होतं आणि ओल्या लाकडाचा वास होता. सांगाड्याच्या खांबांची नुसती दाटी, प्रत्येकाच्या पायाशी पाचरींची जोडी, प्रत्येक जोडीशी हातोडा घेतलेला एक माणूस, आणि मधोमध मोकळ्या ठेवलेल्या जागेत पिवळं हेल्मेट घातलेली ठमी. आईची शाल अंगावर होती. तिने मला बघितलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मी तिथूनच परत फिरलो असतो तर बरं झालं असतं.

‘आलात. मला वाटलं राहतंय आता. एवढा घाम कसला आलाय?’

‘ठमे, आज उतरवायचं नाही.’

ती हसली. मग माझ्याकडे नीट बघून हसायची थांबली, आणि मला दंडाला धरून एका खांबाआड घेऊन गेली.

‘चौदाव्याचा वरचा सांधा चुकलाय,’ मी म्हटलं. ‘माझ्याकडून. फास पहिल्या खिळ्यावर होता. सांधा पहिल्या खिळ्याकडे बघतोय.’

‘कशावरून?’

‘आठवलं मला.’

‘कधी?’

‘आज सकाळी. शर्ट काढताना.’

बोललो आणि ते कसं ऐकू आलं हे मलाच कळलं. ठमीने एक श्वास सोडला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं. तिथे ती समजूत होती जी आपण म्हाताऱ्या माणसांसाठी राखून ठेवतो.

‘बाबा, तुम्ही काल नीट झोपलात का? हे बघा. मागच्या महिन्यात गॅस बंद केला की नाही म्हणून तुम्ही कोपऱ्यावरून तीनदा घरी परत गेलात. बंदच होता ना? मला पण काल रात्रभर वाटत होतं की एकविसावा थर चुकलाय. सगळ्यांना वाटतं असं. तुम्हीच सांगायचात.’

‘हे तसलं नाही.’

‘मग फर्मा बघू. कुठाय?’

‘सगळा पत्रा वितळवायला गेला.’

‘जमिनीवरची आखणी?’

‘तूच नवा गिलावा घातलास तिच्यावर.’

‘आणि घुमटाला बाहेरून चुन्याचा थर बसलाय, आतून नुसती सांध्याची रेघ दिसते, ती आत कुठे वळली ते दिसत नाही. म्हणजे बघायला काहीच नाही. पंधरापासून बावीसपर्यंत आठ थर उतरवायचे, वर्षाचं काम, बाहेर ही सगळी माणसं, आणि मी त्यांना काय सांगू? बाबांना शर्ट काढताना आठवलं?’ तिने माझी कॉलर सरळ केली. ‘तुम्ही बाहेर बसा. पहिल्या रांगेत जागा धरलीय तुमच्यासाठी. मी उभी राहते. काही होत नाही.’

‘मग मी उभा राहतो. तू बाहेर जा.’

‘फोड माझी आहे,’ ती म्हणाली. ‘रीत तुमचीच.’

‘ताई, घ्यायचं का?’ मुकादमाने विचारलं. ठमीने हात वर केला आणि ‘घ्या’ म्हणाली, आणि मधल्या जागेकडे चालायला लागली. पहिल्या खांबापाशी हातोडा पडला. एक. मग दुसऱ्या खांबापाशी. मंगळवार म्हणून भागणार नव्हतं. मंगळवारी माझ्याकडे पुरावाच नव्हता. पुरावा एकच होता, तो हिसका, आणि तो बुधवारचा होता.

‘फास निघत नव्हता,’ मी तिच्या पाठीला म्हटलं. मोठ्याने. ‘खिळ्याच्या डोक्यात अडकला होता. दुसऱ्या खिळ्याला डोकं नाही, तिथे अडकलाच नसता. मला घाई होती म्हणून मी हिसका देऊन काढला, ते मला पक्कं आठवतं, कारण फोन वाजत होता.’

ती वळली. ‘कुणाचा फोन?’

‘तुझा.’

तिसरा हातोडा पडला. ठमी जागच्या जागी उभी होती आणि तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं, कारण हिशोब करताना तिच्या कपाळावर माझ्यासारखीच आठी पडते.

‘चौदावर मंगळवारची तारीख होती,’ ती म्हणाली. ‘मंगळवारी मी तुम्हाला फोन केलाच नव्हता. मंगळवारी तुम्ही डबा घेऊन आला होतात.’

‘तारीख मी नंतर कोरली. आखला बुधवारी.’

चौथा हातोडा उचललेला होता. ‘मुकादम, थांबा,’ ती म्हणाली. आवाज तिचा कामावरचाच होता, चढा नाही, पडलेला नाही. ‘सैल केलेल्या पाचरी परत ठोका. सगळ्या जोड्या तपासून घ्या. आज उतरवायचं नाहीये. पाहुण्यांना सांगा, मी येते दहा मिनिटांत.’ मुकादमाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि काही न विचारता माणसांना हाक मारली. घुमट वाचला होता. ती वाचली होती. मला बसायला हवं होतं पण बसायला तिथे काही नव्हतं.

ठमी माझ्याजवळ आली. हेल्मेट काढून तिने हातात धरलं.

‘म्हणजे शेडमध्ये होतात.’

‘हो.’

‘शेडपासून दवाखाना...’

‘बारा मिनिटं,’ मी म्हटलं. ‘चालत.’ विचारलं की माप सांगायची सवय.

‘ट्रक?’

‘नव्हता.’

तिने मान हलवली. जसं काही एखाद्या दगडाचं माप मी सांगत होतो आणि ती मनात लिहून घेत होती.

‘आई दाराकडे बघत होती,’ ती म्हणाली. ‘बोलवत नव्हतं तिला, पण डोळ्यांनी विचारत होती, कुठवर आले. मी सांगायची, निघालेत. मग सांगितलं, वाटेत आहेत. मग सांगितलं, खाली गाडी लावतायत. तुमच्याकडे गाडी नाही हे तिला माहीत होतं, बाबा. तरी तिने मान हलवून हो म्हटलं.’

मी काहीतरी म्हणालो. माफ कर असं नसावं, तो शब्द मला यायचा नाही. बहुतेक तिचं नाव घेतलं, ठमी नाही, कागदावरचं.

‘तुम्हाला कळलं होतं ना?’ तिने विचारलं. ‘फोन वाजत होता तेव्हा. ती जातेय हे कळलं होतं, म्हणूनच उचलला नाहीत.’

‘हो,’ मी म्हटलं. ‘मला भीती वाटली.’

‘ती जातेय हे मलाही कळलं होतं,’ ती म्हणाली, हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि पाचरी तपासायला गेली.